दोन अध्यायांतील धूर

अग्नी आणि धूर यांचा दृष्टान्त भगवद्गीतेत दोन ठिकाणी येतो, आणि त्या दोन ठिकाणी तो दोन निरनिराळ्या, किंबहुना परस्परविरुद्ध, उपदेशांच्या पुष्टीसाठी योजिलेला आहे. ही गोष्ट जितकी विचारार्ह आहे तितका तिचा विचार आपल्याकडे झालेला नाही, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस, मनुष्य स्वतःची इच्छा नसतानाही पापाकडे का ओढला जातो, या अर्जुनाच्या प्रश्नाचे उत्तर देताना भगवंतांनी कामाला ज्ञानावरील आवरण म्हटले आहे, आणि त्या आवरणासाठी जे दाखले दिले आहेत त्यांत पहिला दाखला अग्नीला झाकणाऱ्या धुराचा आहे. तेथे धूर हा वैरी आहे, तो दूर सारावयाचा आहे, आणि प्रकरणाचा समारोपही त्या वैऱ्याच्या निर्दालनाच्या आज्ञेनेच झाला आहे. अठराव्या अध्यायात स्वधर्माचे विवेचन चालू असता तोच धूर पुन्हा पुढे येतो, परंतु आता त्याचे वैर संपलेले आहे: कोणतेही कर्म हाती घेतले तरी त्याच्याबरोबर काही ना काही दोष येणारच, जसा अग्नीबरोबर धूर येतो, सबब केवळ दोष दिसला एवढ्यावरून आपल्या वाट्याचे कर्म टाकून देऊ नये, असा तेथील अभिप्राय आहे. एकाच धुराविषयी एकदा तो हटवावा असे सांगितले आहे आणि एकदा तो सोसावा असे.

भाष्यकारांनी या दोन्ही स्थळांचा अर्थ आपापल्या सिद्धान्तानुसार लावला आहे. श्रीशंकराचार्यांच्या मते कर्म त्रिगुणात्मक असल्यामुळे त्यातील दोष अटळ आहे, अज्ञान आहे तोवर त्याचा निःशेष त्याग कोणालाही साधणार नाही, आणि आत्मज्ञानानंतर कर्माचा आधारच नाहीसा होत असल्याने त्यागाचा प्रश्न वेगळ्या पातळीवर सुटतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान्यालाही लोकसंग्रहासाठी कर्म सुटलेले नाही, ही भूमिका मांडली आणि दोषाच्या भीतीने होणाऱ्या संन्यासाला विरोध केला. या थोर मतभेदात शिरण्याचा माझा अधिकार नाही आणि येथे त्याचे प्रयोजनही नाही. मला जो प्रश्न पडतो तो या दोन्ही आचार्यांच्या अलीकडचा, कर्म करण्यास बसलेल्या सामान्य मनुष्याचा आहे. माझ्यासमोर या घटकेला जो धूर दिसतो आहे, तो तिसऱ्या अध्यायातील की अठराव्या? तो निवारण्यासाठी मी कंबर कसावी, की तो कर्माचा स्वभावच आहे असे समजून त्याच्यासह कर्म चालू ठेवावे? दोहोंतला विवेक कशाने करावा? या प्रश्नाचे उत्तर शब्दांच्या ऊहापोहातून मिळणे कठीण. ते शोधण्यासाठी एखाद्या खऱ्याखुऱ्या अग्नीजवळच जाऊन उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे, आणि म्हणून कागदाच्या कारखान्यातील रिकव्हरी बॉयलर या, अध्यात्माशी वरकरणी काडीचा संबंध नसलेल्या, अग्निस्थानाकडे मी वाचकाला नेणार आहे.

तत्पूर्वी आपल्या नैयायिकांची एक साक्ष काढून ठेवणे अवश्य आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे उलट अनुमान मात्र न्यायशास्त्राने सदोष ठरविले आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर उत्पन्न होण्यास अग्नीखेरीज ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि या संयोगालाच ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्राथमिक ग्रंथातही उपाधी म्हटले आहे. म्हणजे गीतेच्या अठराव्या अध्यायाने धूर हा अग्नीचा नित्य सोबती मानला, तर तार्किकांनी तो अग्नीला बाहेरून चिकटलेला, उपाधिजन्य ठरविला. यांत विरोध आहे असे मी म्हणणार नाही. दृष्टान्ताचे काम वेगळे आणि व्याप्तीचे काम वेगळे. मात्र तार्किकांनी शोधाची दिशा दाखवून दिली आहे: धूर दिसला की अग्नीला दोष देण्यापूर्वी उपाधी कोणती, ते पाहावे.

आता त्या बॉयलरकडे वळू. लाकूड किंवा बांबू यांपासून कागदाचा लगदा करण्याची जी पद्धती आज जगभर रूढ आहे ती कार्ल डाल या रसायनवेत्त्याने 1879 साली डान्झिग येथे शोधून काढली. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाच्या चिपा दाबाखाली शिजवल्या म्हणजे तंतूंना एकमेकांशी सांधून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू मोकळे होतात. लाकडाचा साधारण निम्मा भाग अशा रीतीने लगदा होऊन वर येतो, उरलेला निम्मा भाग रसायनांसह काळ्याकुट्ट द्रवात उतरतो. या द्रवाला कारखान्यात ब्लॅक लिकर म्हणतात. तो टाकून द्यावा तर रसायनांची किंमत बुडते आणि ज्या नदीत तो सोडला ती नदी मरते. म्हणून तो आटवून, दाट करून, जाळावयाचा, त्यातील सेंद्रिय भागाच्या ज्वलनाने वाफ करावयाची आणि जे जळत नाही ते क्षार तळाशी वितळलेल्या रूपात गोळा करून पुन्हा शिजवण्याच्या कामी लावावयाचे, अशी ही योजना आहे. आज ज्या स्वरूपात हा बॉयलर आढळतो त्याची घडण टॉमलिन्सन या कॅनडातील शोधकाने केली; क्वेबेक प्रांतातील विंडसर मिल्स येथे 1934 साली तसा पहिला बॉयलर चालू झाला. तेव्हापासून त्याचे आकारमान अफाट वाढले, मोठ्या भट्टीचा तळ दहा मीटर लांब आणि तितकाच रुंद असू शकतो. परंतु त्याच्या पोटातील मूळ अडचण मात्र बदललेली नाही, आणि ती अडचण हवेची आहे.

नैयायिकांना ओल्या इंधनाचे याहून उत्तम उदाहरण सापडले नसते. ब्लॅक लिकर कितीही आटवला तरी भट्टीत जाताना त्याच्यात पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी असतेच. घन अंश 58 टक्क्यांखाली उतरला तर फवारा तत्काळ बंद करावा असा दंडक अमेरिकेतील या विषयाच्या सल्लागार मंडळाने घालून दिला आहे, कारण वितळलेल्या क्षारांत पाणी पडले तर त्याची क्षणार्धात वाफ होऊन जो स्फोट होतो त्याने भट्टीच्या भिंती फुटून माणसे दगावलेली आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर येथे 1945 साली स्थापन झालेली कागदाची गिरणी ज्या बांबूवर उभी राहिली त्या बांबूच्या अंगी तर आणखी एक कठीण गुण आहे. त्याच्यात सिलिका पुष्कळ असते, ती शिजवण्याच्या क्षारात विरघळून ब्लॅक लिकरमध्ये येते, द्रव चिकट करते, आटवणीच्या नळ्यांना आतून कवच चढवते, आणि त्यामुळे पाइन वा स्प्रूसच्या लाकडाचा लिकर जितका दाट करता येतो तितका बांबूचा करता येत नाही. विदर्भाच्या जंगलातील बांबूने आपले पाणी सोडण्यास असा नकार द्यावा आणि त्याचे प्रायश्चित्त भट्टीतल्या अग्नीने घ्यावे, हा मामला तेथील कामगारांना ग्रंथावाचून कळलेला आहे.

या भट्टीचे जे खरे वैशिष्ट्य आहे ते असे की तिला एकाच वेळी दोन विरुद्ध धर्म पाळावे लागतात. तळाशी जळक्या कोळशाचा एक ढीग असतो, त्याला बेड म्हणतात. तेथे सोडियम सल्फेटमधील प्राणवायू कोळशाने हिरावून घ्यावा आणि सल्फेटचे सल्फाइड व्हावे, हे साधावयाचे असते. त्यासाठी तेथे हवेची टंचाईच हवी. हवा जास्त झाली तर तयार झालेले सल्फाइड पुन्हा सल्फेट होते, आणि असा निरुपयोगी क्षार पुढे साऱ्या कारखान्यात ओझे होऊन फिरत राहतो. हवा फारच कमी झाली तर बेड थंड पडतो, वाढत जातो आणि काळवंडून विझतो. त्याच भट्टीच्या वरच्या अंगास मात्र खालून उठलेले कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड इत्यादी वायू निःशेष जळून जावेत म्हणून हवेची मुबलकता लागते. खाली संयम आणि वर औदार्य, असा एकाच चुलाणातील अधिकारभेद आहे. म्हणून हवा एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडतात. अगदी खाली, बेडभोवती, चारही भिंतींतील पुष्कळ लहान तोंडांतून पहिली हवा. बेडच्या माथ्याशी दुसरी. आणि लिकरचे फवारे सोडणाऱ्या नळ्यांच्याही वर तिसरी. सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना गीतेने सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र यांचा जो विचार केला आहे तो या तीन हवांना अक्षरशः लागू पडतो. तिसऱ्या थरातील हवा जर पहिल्या थरात दिली तर ती तीच हवा असते, तितकीच असते, आणि तरी अनर्थ करते.

भिंतीतल्या निरीक्षणछिद्रापाशी निळी काच डोळ्यांसमोर धरून उभे राहिले म्हणजे प्रथम काहीच कळत नाही, नुसता तांबूस-पांढरा लखलखाट दिसतो. मग हळूहळू डोळे निवडू लागतात. वरून पडणारे लिकरचे थेंब दिसतात. प्रत्येक थेंब पडता पडता वाळतो, एकदम फुगतो, मूळ आकारमानाच्या कितीतरी पट मोठा व हलका होतो, त्याच्याभोवती पिवळी ज्योत लपेटते, आणि मग तो काळा, सच्छिद्र कोळसा होऊन ढिगावर जाऊन बसतो, निदान बसावा अशी अपेक्षा असते. खाली भिंतीच्या कडेला पहिल्या हवेची तोंडे उजळ दिसतात, त्यांतले एखादे मात्र अंधारे असते: वितळलेला क्षार उसळून त्या तोंडावर थिजलेला असतो. पाळीवरचा माणूस लांब लोखंडी सळई घेऊन येतो, तोंडाचे झाकण बाजूला करतो, आणि चेहरा वळवून, अंगाचा भार देऊन, ते थिजलेले कवच आत ढकलतो. कवच फुटते, तोंड पुन्हा उजळते, आणि तो पुढच्या तोंडाकडे सरकतो. पुष्कळ ठिकाणी हे काम आता यंत्रे करतात, परंतु जेथे माणूस करतो तेथे तो हवेची वाट मोकळी करण्याचेच काम पाळीभर करीत असतो, आणि पुढील पाळीवर ती वाट पुन्हा बुजलेली असते. भट्टीच्या दुसऱ्या अंगास नळीच्या पन्हाळीतून वितळलेला क्षार, सुमारे 850 अंशांवरचा, नारिंगी धारेने विरघळवण्याच्या टाकीत पडत असतो. वाफेच्या झोताने ती धार आधी फोडतात, तरी प्रत्येक क्षणी टाकीतून असा गडगडाट उठतो की बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते.

अशा भट्टीत धूर आणि दुर्गंधी निर्माण झाली तर काय करावे? बरीच वर्षे याचे जे उत्तर दिले गेले ते अगदी स्वाभाविक होते: हवा वाढवा. पंख्याचा वेग वाढवला, डॅम्पर उघडले, एकूण हवा गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दिली. आणि कित्येकदा धूर कमी न होता उलट बॉयलर वरच्या बाजूने चोंदू लागला. हवेचा ताळेबंद मांडला तर त्यात तूट नव्हती. बाहेर पडणाऱ्या धुरात दोन-तीन टक्के प्राणवायू शिल्लक राहिलेला दिसे, आणि त्याच धुरात न जळलेला कार्बन मोनॉक्साइडही दिसे. एकाच धुराड्यातून खाणारा आणि खाद्य दोघेही उपाशीपोटी, एकमेकांना न भेटता, बाहेर पडत होते. जमाखर्च जुळत होता आणि रुजवात मात्र होत नव्हती.

याचे कारण शोधण्यास वेळ लागला, कारण वायू दिसत नाही. वैशेषिकांनी वायूला रूप नाही, केवळ स्पर्श आहे, त्याचे अस्तित्व अनुमानानेच जाणावे, असे जे म्हटले त्याची प्रचीती अभियंत्यांना आली. त्यांनी भट्टीच्या पारदर्शक प्रतिकृती करून त्यांत हवेच्या जागी पाणी खेळवले आणि पाण्यात रंग सोडून झोत कोठे जातात ते पाहिले. बंद पडलेल्या थंड बॉयलरमध्ये पंखे चालवून आत वाऱ्याचा वेग मोजला. पुढे संगणकावर गणिते मांडली. तेव्हा असे आढळले की चारही भिंतींतून समसमान येणारे झोत भट्टीच्या मध्यावर एकमेकांवर आदळतात, आणि आदळल्यावर त्यांना जाण्यास दुसरी दिशा नसल्यामुळे सगळे मिळून वर वळतात. मध्यभागी अतिवेगाने वर चढणारा वायूचा एक स्तंभ तयार होतो. त्याच्या भोवती, भिंतींच्या कडेला, वायू मंदपणे खाली घसरत राहतो. जे लिकरचे थेंब बेडवर पडावयाचे ते या स्तंभात सापडून वर उचलले जातात, अर्धवट जळलेल्या स्थितीत वरच्या नळ्यांना चिकटतात आणि थराथराने वाट बुजवतात. स्तंभातल्या वायूला भट्टीत राहण्यास काही थोडे सेकंदच मिळत असतात, त्यांतलेही पुष्कळसे या घाईत वाया जातात. आणि हवा वाढवली की झोत अधिक जोराने आदळून स्तंभ अधिक वेगाने चढतो. चारही बाजूंनी समान, सद्हेतूने दिलेले दान मध्यावर परस्परांना रोखून धरते आणि ज्याच्यासाठी ते दिले त्यालाच उडवून लावते, हे दृश्य मला धर्मविचारकांनी मुद्दाम पाहावे असे वाटते. समता हे मूल्य मोठेच आहे. परंतु भिंतीभिंतींतली ही समता ज्याला हवा हवी होती त्या थेंबाकडे न पाहता आखलेली होती.

उपाय जो निघाला तो हवेचे प्रमाण न वाढवता, क्वचित् कमी करूनही, लागू पडला. चारऐवजी दोनच समोरासमोरच्या भिंतींतून, थोड्या पण मोठ्या तोंडांनी हवा सोडावयाची, आणि समोरासमोरची तोंडे एका रेषेत न ठेवता दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी एकाआड एक ठेवावयाची, जेणेकरून डाव्या भिंतीतला झोत उजव्या भिंतीतल्या दोन झोतांच्या मधून पार पलीकडे जाईल. झोत किती खोल शिरतो हे त्याच्या संवेगावर, म्हणजे हवेची राशी आणि वेग या दोहोंवर मिळून, अवलंबून असते; एकाच वेगाचे बारीक झोत भिंतीजवळच विरून जातात, आणि तीच हवा थोड्या मोठ्या तोंडांतून आली तर भट्टीच्या पलीकडल्या अंगापर्यंत पोचते. शिवाय झोत वाटेने जाताना भोवतालचा वायू आपल्यात ओढून घेत जातो. मिश्रण होते ते या ओढून घेण्यामुळे. परंतु येथेही मानवी योजनेची हद्द आहे. झोत आणि त्याचे भोवरे हवेला इंधनवायूच्या अगदी निकट नेऊन सोडतात, अखेरची भेट रेणूंची रेणूंशी होते, आणि ती घडवून आणणारे विसरण कोणत्याही डॅम्परच्या ताब्यात नसते. अभियंत्याचा अंमल सान्निध्यापर्यंत चालतो.

वेदान्तात एक जुना प्रश्न आहे. चैतन्य जर सर्वव्यापी आहे आणि ज्ञानस्वरूप आहे, तर त्याच्याच ठायी अज्ञान टिकते कसे? प्रकाश असताना अंधार राहावा कसा? त्याचे उत्तर आचार्यपरंपरेने असे दिले आहे की सामान्य चैतन्य अज्ञानाचे विरोधी नाही, ते अज्ञानालाही प्रकाशितच करते; वृत्तीवर आरूढ झालेले चैतन्य मात्र अज्ञानाचा नाश करते. सूर्याचे ऊन कापसावर दिवसभर पडले तरी कापूस उजळतो, जळत नाही. तेच ऊन सूर्यकान्त मण्यातून एकवटून आले की कापूस पेटतो. लाकडाच्या अंगी अग्नी आहेच, पण अरणीच्या मंथनावाचून तो लाकडाला जाळीत नाही. या दृष्टान्तांचा आशय मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, परंतु एखादी वस्तू सर्वत्र पुरेशी असणे आणि ती कार्यकारी होणे यांत किती अंतर आहे, याचे भान मला धुराड्यातल्या प्राणवायूच्या त्या शिल्लक बाकीने जितके दिले तितके ग्रंथाने दिले नव्हते. ईश्वराची कृपा सर्वत्र आहे असे म्हणून स्वस्थ बसणारा भाविक आणि हवा तर भरपूर सोडली आहे असे म्हणणारा बॉयलरवाला, दोघेही व्याप्तीला भेट समजतात. कृपेला न्यूनता नाही हे मीही मानतो. पण व्यापक वस्तूला एखाद्या ठिकाणी तीव्र, एकाग्र, दिशायुक्त करणे, तिच्या वाटेवर थिजलेले कवच पाळीपाळीने फोडीत राहणे, हे जे काम उरते, ते साधना या नावाने ओळखले जावे. उपासनेचा जो नित्यक्रम पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो त्याचे समर्थन मला येथे सापडते. रोजच्या संध्येने कोणतीही नवी हवा भट्टीत येत नाही. जी आहे तिचे तोंड मोकळे राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कागदाच्या गिरण्यांच्या आसपास राहणाऱ्या लोकांना सडक्या अंड्यासारख्या दर्पाची सोबत पिढ्यान् पिढ्या झालेली आहे. गंधकाचे जे वायू हा दर्प उत्पन्न करतात ते हवेच्या अब्जांशात थोडे भाग असले तरी नाकाला कळतात. या दर्पाची तक्रार कोणी केली म्हणजे त्याला जगभर एकच उत्तर मिळत आले: कागद हवा तर वास येणारच, हाच तुमच्या पोटापाण्याचा वास आहे. हे उत्तर म्हणजे अठराव्या अध्यायाचा आधार घेतलेली कैफियत होय. आणि ती खोटी होती. दर्पाचा जो भाग भट्टीतून येत होता त्याचा मोठा हिस्सा अग्नीचा स्वभाव नव्हता. हवा आणि वायू यांची भेट न झाल्याचा तो परिणाम होता, आणि तोंडांची मांडणी बदलताच तो हटला. म्हणजे ज्याला सहज दोष म्हणून लोकांच्या नाकाशी आणि फुप्फुसाशी इतकी वर्षे बांधून ठेवले, तो तिसऱ्या अध्यायातला, निवारण करावयाचा धूर निघाला. आपल्या सार्वजनिक जीवनात या कैफियतीचा वापर फार होतो, आणि तो धर्मवचनाच्या आडोशाने होतो म्हणून मला त्याचे अधिक दुःख होते. कचेरीतल्या कारभारात लाच असायचीच, देवळाच्या जत्रेत चेंगराचेंगरी व्हायचीच, मोठ्या धरणाखाली काही गावे देशोधडीला लागायचीच, असे म्हणताना बोलणारा स्वतःला वास्तवाचा जाणता समजत असतो. धूर सहज आहे असे म्हणण्याचा अधिकार, त्याची उपाधी शोधण्याचे सर्व श्रम ज्याने केले, त्याला येतो. त्याआधी कोणालाही येत नाही. दोन धुरांतला विवेक कशाने करावा, या माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर हे एवढेच आहे. तो विवेक विचाराने अगोदर होत नाही, धूर हटवण्याच्या प्रयत्नात होतो. जो प्रयत्नाने हटला तो तिसऱ्या अध्यायातला होता, हे हटल्यावरच कळते.

उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. दोष दिसला म्हणून अग्नीच विझवणे, हा मार्ग वरवर पवित्र दिसतो. आपल्या देशात गव्हाच्या व भाताच्या काडापासून कागद करणाऱ्या लहान गिरण्यांना रिकव्हरी बॉयलरचा खर्च झेपत नसे, आणि त्यांच्यापाशी ही भट्टी नव्हती म्हणून तिचा धूरही नव्हता. त्यांचा काळा द्रव ओढ्यानाल्यांतून नद्यांना मिळत असे. अग्नी टाळला आणि दोष पाण्यात गेला. कर्मत्यागाने दोष नाहीसा न होता दुसऱ्याच्या दारी जातो, ही अठराव्या अध्यायामागची जाणीव त्या नद्यांच्या काठच्या लोकांना कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

आणि एवढे सगळे साधल्यावर, हवा पोचली, वायू जळले, दर्प गेला, तरी धुराड्याकडे जाणाऱ्या वायूत एक पांढरा, अतिसूक्ष्म धूर शिल्लक राहतोच. हा धूर वेगळा आहे. बेडच्या प्रखर उष्णतेने सोडियमचा काही अंश वाफ होऊन उडतो, वर गेल्यावर गंधकाच्या वायूशी मिळतो आणि सोडियम सल्फेटच्या बारीक भुकटीत थिजतो. मिश्रण सुधारले, बेड अधिक तापला, की हा धूर कमी न होता उलट वाढतो, म्हणजे तो न्यूनतेतून निर्माण होत नाही, ज्वलन उत्तम होण्यातूनच निर्माण होतो. आणि तो वाढल्याने सल्फर डायऑक्साइडचा विषारी अंश त्याच्यात बांधला जाऊन बाहेर जाण्याचा कमी होतो. अठराव्या अध्यायातला धूर पाहावयाचा असेल तर तो हा. त्याला मारण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही आणि त्याच्यासाठी भट्टीही कोणी विझवीत नाही. विद्युत्भारित पत्र्यांच्या दालनातून तो नेतात, तेथे त्याचा 99 टक्क्यांहून अधिक भाग पत्र्यांना चिकटतो, ठराविक वेळाने पत्र्यांवर ठोके पडून भुकटी खाली झडते, आणि ती भुकटी ताज्या ब्लॅक लिकरमध्ये मिसळून त्याच अग्नीत पुन्हा घातली जाते. फक्त एक दक्षता घ्यावी लागते. लाकडाबरोबर आलेले क्लोराइड आणि पोटॅशियम या भुकटीत फेरीफेरीने साठत जातात, त्यांच्यामुळे राख कमी तापमानालाच चिकट होऊन वरच्या नळ्या बुजवू लागते. म्हणून प्रयोगशाळेत तिचे नमुने तपासतात, आणि साठा फार झालेला दिसला तर भुकटीचा काही हिस्सा परत न घालता बाजूला काढून टाकतात, आणि तितका नवा क्षार विकत आणून भर घालतात.